चोवीस तासांची वही

ताराच्या भावाला मरण आलं ते उसाच्या बांधावर. शिरोळजवळच्या एका मळ्यात तो राखणीला होता. सकाळी सातच्या सुमारास मळ्याच्या मालकांचा फोन आला. "वहिनी, पाणी पाजायला निघालो होतो. माझ्या पुढं पळत होता. पळता पळता पडला आणि उठलाच नाही बघा. कुईसुद्धा केलं नाही. पान लागलं असणार." रानात सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. मी विचारलं, कुठं दात उमटलेत का, सूज आहे का, तोंडाला फेस? तसलं काहीच नव्हतं. आदल्या रात्री त्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या.

फोन ठेवला तेव्हा तारा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून माझ्याकडे पाहत होती. दोघं एकाच वेतातले. तेच पाच वर्षांचं वय, डोळ्यांवर तेच दोन तांबूस ठिपके. जन्मल्यावर तीन-चार दिवसांतच, आम्ही तिला पाहण्याआधी, तिची शेपूट कापून टाकलेली होती. त्यामुळे आनंद झाला की ती कमरेपासून मागचं सगळं अंगच हलवते. मी पाहिलं म्हणून तिनं तेच केलं.

ज्यांच्याकडून तारा आणली त्यांना मी दुपारी फोन केला आणि तिच्या आईचं विचारलं. "ती गेली हो, दोन उन्हाळ्यांमागं. झोपेतच गेली. ऊन लागलं असेल." वय सहा. आणि त्या आईचा भाऊ? "त्याला कुणीतरी विष घातलं." तीन मरणं, तीन कारणं, आणि एकाही मरणाशेजारी डॉक्टर उभा नव्हता. मला त्यांचा राग आला नाही. माणूस गेल्यावरही आपण हाताशी असेल तेच कारण उचलतो. माझे वडील ५२व्या वर्षी एसटी स्टँडच्या बाकावर बसल्या बसल्या गेले. "हार्टफेल" एवढा एकच शब्द घरी आला. त्या शब्दावर आम्ही फुलं वाहिली, वर्षश्राद्धं घातली, पण तो उघडून आत काय आहे ते तीस वर्षं कुणी पाहिलं नाही. आम्हा भावंडांपैकी एकानंही नाही.

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना मिरजेतच आहे. त्यांनी ताराच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्या मांडीच्या आतल्या बाजूला, नाडीवर ठेवली. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "काकू, लॅब्राडोर असती तर मी कमरेचा एक्स-रे सांगितला असता. डाल्मेशियन असती तर नीट ऐकू येतं का ते पाहिलं असतं, मुतखड्याचं विचारलं असतं. कॉली असती तर गोचिडांवर आयव्हरमेक्टिन टोचताना हात आखडला असता. पण ही डॉबरमन आहे. हिचं हृदय बघायला हवं."

आजवर मी ताराला तारा म्हणूनच पाहत आले होते. तिच्यामागे एक जात उभी आहे, आणि त्या जातीचं म्हणून एक दुखणं आहे, हे मला कधी जाणवलं नव्हतं.

डॉबरमन ही जात तशी कालपरवाची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या थुरिंगिया भागात, आपोल्डा गावी, कार्ल फ्रिड्रिख लुईस डॉबरमन नावाचा करवसुली करणारा गृहस्थ राहत होता. अशा कामाला सोबत हवी ती धीट, चपळ आणि धन्याची पाठ न सोडणाऱ्या कुत्र्याची. निरनिराळ्या कुत्र्यांच्या संकरातून त्यानं ते कुत्रं घडवलं. कुठली कुत्री, किती, याची नोंद मात्र मागे राहिली नाही. १८९४ मध्ये तो गेला आणि जातीला त्याचं नाव लागलं. पुढे जे सगळ्याच जातिवंत कुत्र्यांचं झालं तेच हिचंही झालं. ज्या नराला प्रदर्शनात बक्षीस मिळालं, त्याच्याकडे लांबलांबून माद्या नेल्या गेल्या. त्याचं देखणेपण पिढ्यांत उतरलं, आणि त्याच्या रक्तात डोळ्यांना न दिसणारं जे होतं तेही त्याच वाटेनं उतरलं.

त्या न दिसणाऱ्याचं नाव डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. डॉक्टर त्याला डीसीएम म्हणतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दारादारांत भोपळे ठेवलेले असतात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं आलेले. मोठा, देखणा, पण सालीला पातळ असा भोपळा हातात घेतला की त्याचं हलकेपण आधी कळतं. या आजारात हृदय तसं होत जातं. कप्पे फुगतात, भिंत पातळ होते, रक्त पुढे ढकलायचा जोर सरतो. पण ही शेवटची अवस्था. त्याआधी दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त, कुत्रं पळतं, खातं, फाटकावर भुंकतं. आत मात्र अधूनमधून एखादा ठोका आपल्या वेळेआधी पडतो. अशा अवेळी ठोक्यांची माळ लागली तर हृदय नुसतं थरथरत राहतं, आणि पळणारा कुत्रा बांधावर कोसळतो. कित्येक डॉबरमनांच्या बाबतीत या आजाराचं पहिलं लक्षण म्हणजे मरणच. युरोपातल्या शेकडो डॉबरमनांच्या तपासणीवरून म्युनिकच्या पशुवैद्यकांनी २०१० साली मांडलं की या जातीतल्या ५८ टक्के कुत्र्यांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार गाठतो. डॉक्टरांनी हा आकडा सांगितला तेव्हा तारा त्यांच्या टेबलाचा पाय हुंगत होती.

घरी आल्यावर तीन आठवडे मी काहीच केलं नाही.

त्या तीन आठवड्यांबद्दल मला नीट लिहायचं आहे, कारण ठरवणं म्हणतात ते तेव्हाच घडत होतं. तपासून घेऊ या, असं तोंडानं रोज म्हणत होते आणि फोन उचलत नव्हते. तिला काही होत नाहीये, मग उगीच कशाला? आणि निघालंच काही तर? मग रोज सकाळी दार उघडताना, ती धावत येताना, मला तिच्या छातीतलं ते दिसेल. आनंदानं धावणारी तारा मला पुन्हा नुसती धावणारी तारा म्हणून पाहता येणार नाही. हे भय खोटं नव्हतं, आजही मी त्याला खोटं म्हणणार नाही. हे म्हणाले, "तुला कळलेलं नको आहे की झालेलं नको आहे? झालेलं असेल तर ते झालंच आहे." यांनी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि संध्याकाळी तबला वाजवला. बोलणं कमी. मला त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा देता आलं नाही.

दुसरं भय उपायाचं होतं. कळलं आणि उपायच नसला तर? ते मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. त्यांनी पिमोबेंडन नावाच्या औषधाची हकिकत सांगितली. ते हृदयाच्या आकुंचनाला जोर देतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. हृदय आतून फुगू लागलंय, पण बाहेर काहीच दिसत नाही, अशा डॉबरमनांना ते देऊन पाहिलं गेलं आणि २०१२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय निकामी होईपर्यंत किंवा अचानक मरण येईपर्यंतचा मधला काळ औषध मिळालेल्यांत ७१८ दिवस निघाला, न मिळालेल्यांत ४४१. मी घरी येऊन वजाबाकी केली. २७७ दिवस. नऊ महिने नऊ दिवस म्हणतो ना आपण, जवळपास तेवढे. एवढ्या दिवसांत आपल्याकडे एक आख्खा जीव तयार होतो. ही मुदत तिला मिळू शकत असेल आणि केवळ मला पाहायची भीती वाटते म्हणून मी ती नाकारत असेन, तर मग मी तिला काय पाळते आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला.

पहिली तपासणी जनुकांची. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि प्रयोगशाळेला पाठवायची. डॉबरमनांत रक्त न गोठण्याचा एक आनुवंशिक दोष पुष्कळ आढळतो, फॉन विलेब्रांड आजार. त्याचं उत्तर सरळ आलं: तारा वाहक आहे. आईबापांपैकी एकाकडून दोष आला, दुसऱ्याकडून नाही, त्यामुळे तिला स्वतःला धोका नाही. हृदयाचं मात्र तसं सरळ नाही. त्याच्याशी जोडलेले दोन जनुकदोष अमेरिकेत सापडले आहेत. पण ते नसलेल्या कुत्र्यांनाही आजार होतो, आणि असलेली काही म्हातारी होऊन सुखानं जातात. ताराच्या कागदावर त्या दोन्हींपुढे "आढळला नाही" असं छापून आलं. मी हरखले. डॉक्टरांनी कागद घडी करून परत दिला. "काकू, यावर झोपू नका. इको करा आणि होल्टर लावा. आणि एकदा करून भागत नाही. तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी करायला हवं होतं."

इको पुण्यात झाली. उजव्या कुशीवर निजवलेली तारा, तिच्या मानेवर माझा हात, आणि पडद्यावर तिचं हृदय उघडझाप करताना. भिंती ठीक, कप्पे ठीक. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की माद्यांमध्ये कप्पे दिसायला चांगले असतात आणि बिघाड फक्त ठोक्यांतच असतो, असं पुष्कळदा होतं. म्हणून होल्टर, चोवीस तास ठोके नोंदवणारं यंत्र.

अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी हे यंत्र पहिल्यांदा बनवलं तेव्हा त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं आणि ते पाठीवर बांधून चालावं लागे. ताराचं वजन त्याहून कमी आहे. तिच्या पाठीवर बसलं ते यंत्र काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. छातीच्या दोन्ही बाजूंचे केस भादरून चकत्या चिकटवल्या, त्यांवर पट्टी गुंडाळली, आणि वरून मी माझ्या जुन्या इरकलीचं शिवलेलं बंडीसारखं आवरण. घरी नेताना डॉक्टरांनी एक कागद दिला. चोवीस तास ती काय करते ते वेळेसकट लिहायचं. नुसते ठोके मोजून भागत नाही. त्या ठोक्याला ती धावत होती की निजली होती, हे कळायला हवं.

कागद पुरणार नाही म्हणून मी दोनशे पानी वही घेतली.

८.४०, घरी आलो. पाणी प्यायली. ९.०५, गवार मोडताना शेजारी बसली, एक शेंग पळवली. ९.३०, कुकरची दुसरी शिट्टी, उठून अंगणात गेली. १०.१५, पोस्टमन, भुंकली, सुमारे एक मिनिट. १२.१०, जेवण. १२.३० ते ३.४०, झोप, मध्ये दोनदा पाय हलले, स्वप्न असावं. ४.२०, मी भाजीला गेले, फाटकाशी उभी (यांनी लिहिलं). ५.१०, मी परत आले.

पाच वर्षं तिच्यासोबत काढून मी तिचा एक दिवस असा कधी पाहिला नव्हता. कुकरच्या पहिल्या शिट्टीला ती उठत नाही, दुसरीला उठते. झोपण्याआधी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला एकदा आणि बाहेरच्या बाजूला एकदा हुंगते. यांनी रियाजाला तबला काढला की ती खोलीबाहेर जात नाही, पण हातोडीनं गट्टे ठोकून सूर लावायला लागले की उठून जाते. मिरजेत कुत्र्याला सुरांचा कान असण्याचं कुणाला नवल नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरात सूर मिसळणाऱ्या कुत्र्याची गोष्ट इथले जुने लोक अजून सांगतात.

रात्री यांनी तिच्या बरगड्यांना कान लावला. "हिचा ठेका सरळ नाही." मी घाबरले. पण ते तसंच असतं म्हणे. कुत्र्याचं निरोगी हृदयही घड्याळासारखं चालत नाही. श्वास आत घेताना ते भरभर चालतं, सोडताना रेंगाळतं, आणि गाढ झोपेत तर दोन ठोक्यांत इतकी जागा सोडतं की माणसांच्या डॉक्टरांना धक्का बसावा. म्हणून कुत्र्याचा होल्टर वाचायला कुत्र्याचं हृदय ओळखणारा माणूसच लागतो. श्वासाबरोबरची ही लय म्हणजे दुखणं नव्हे. दुखण्याचा ठोका वेगळा. हे मांडीवर बोटांनी वाजवून दाखवायला लागले: ठेका चाललाय, एक धा आधीच पडला, आणि मग हात तसाच उचलून धरला, पुढच्या मात्रेपर्यंत. त्या उचललेल्या हाताच्या जागी आपण श्वास धरून बसतो. यांनी ते चार-पाचदा केलं आणि मग थांबले.

रात्री आम्ही पाळी लावली. १.१५, कूस बदलली. २.००, लांब कुठेतरी इंजिनाची शिट्टी, कान हलले, जाग नाही. ३.०५, शांत झोपली आहे. ५.००च्या आसपास दर्ग्याकडून बांग आली, तिनं जांभई दिली आणि डोकं माझ्या पावलावर ठेवलं.

अहवाल मुंबईहून आठ दिवसांनी आला. चोवीस तासांत एक लाखाच्या वर ठोके, त्यांतले १३८ अवेळी. पन्नासच्या आत असते तर या वर्षापुरती काळजी मिटली असती. तीनशेच्या वर असते तर आजार आहे म्हणून मोकळे झालो असतो. १३८ म्हणजे मधला पट्टा. काही महिन्यांनी पुन्हा लावायचा, आणि पुन्हा पन्नासच्या वर आले तर आजार आहे असं धरून चालायचं.

कोणता ठोका किती वाजता पडला त्याची यादी मी वहीशी ताडून पाहिली. पोस्टमनला भुंकताना दोन. मी भाजी घेऊन परत आले, तिनं सगळं अंग हलवलं, तेव्हा एकही नाही. आणि ३ वाजून ५ मिनिटं ते ३ वाजून ९ मिनिटं, या चार मिनिटांत एकवीस. त्यातले एकदा तीन लागोपाठ. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. दिवा चालू होता. तिच्या पोटाचं वरखाली होणं मी मायेनं, अगदी एकटक पाहत होते, आणि वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: शांत झोपली आहे.

त्या पानाकडे मी किती वेळ पाहत होते सांगता येत नाही. एसटी स्टँडवर वडिलांच्या शेजारी एक बाई बसली होती. ती नंतर घरी येऊन सांगून गेली होती की दादा शांत बसले होते, डोळा लागला असं वाटलं. त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. माझंही त्या रात्री काही चुकलं नाही. पण इतके दिवस मी जे म्हणत होते, की तिला काही असतं तर मला कळलं असतं, ते वाक्य मी त्या दिवशीपासून उच्चारलेलं नाही.

त्याच महिन्यात सांगलीचे एक गृहस्थ आले होते. त्यांच्याकडे देखणा नर आहे, कागदपत्रं चोख. एक तरी वेत घ्यावं असं माझ्याही मनात होतं, ताराची एक पोर घरात असावी. मी त्यांना दोन्ही कागद दाखवले. रक्ताच्या दोषाचं त्यांनी लगेच मान्य केलं: त्यांचा नर तपासून घेतो, तो निर्दोष निघाला तर पिल्लांना त्रास नाही. तिथं वाट होती. होल्टरच्या कागदावर मात्र ते अडले. "अहो, पण हिला काही झालेलं नाही ना अजून?" नेमकं तेच तर आहे. वेत घेतात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि हा आजार बहुतेकदा डोकं वर काढतो पाचव्या, सहाव्या, सातव्या वर्षी. मादी आजी होऊन बसते, तेव्हा कळतं तिनं काय वाटलंय ते. ताराच्या आईनं सात पिल्लं दिली आणि मग ती झोपेत गेली. मी त्या गृहस्थांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. ते गेल्यावर मला रडू आलं. जी जन्मणारच नव्हती तिच्यासाठी, भुवयांवर दोन ठिपके असलेल्या त्या पोरीसाठी.

मग मी ताराच्या बाकीच्या भावंडांना शोधलं. सातांतला एक गेला, एक तारा, उरले पाच. पिल्लं विकणाऱ्यांनी नंबर द्यायला महिना लावला आणि चारच दिले. कऱ्हाडच्या बाईंनी पहिल्याच फोनला सगळं लिहून घेतलं आणि महिन्याभरात तपासणी करवली. इचलकरंजीच्या मुलानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "काकू, तो एवढा धडधाकट आहे, कशाला त्याच्यामागं लावायचं?" मी त्याला माझी तीन आठवड्यांची गोष्ट सांगितली. वाद घातला नाही. एका घरात फोन उचलताच सांगितलं, तो गेला, गॅसचा सिलिंडर देणारा आला होता, त्याच्यावर भुंकता भुंकता. चौथा नंबर लागला नाही.

मळ्याच्या मालकांनाही फोन केला. साप नव्हता बहुतेक, एवढंच मी म्हणाले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी त्याला पळवायला नको होतं काय?" मी म्हटलं, तसं नाही भाऊ, तसं अजिबात नाही. तो पळत होता तेच बरं होतं.

सहा महिने झाले. पावसाळा आला, ताराचे भादरलेले केस वाढून पुन्हा काळेभोर झाले होते ते आज पुन्हा काढले. इरकलीची बंडी थोडी उसवली होती, ती काल रात्री टाचून घेतली. तिनं मुकाट्यानं पाय उचलून दिले. वही तीच आहे, पानं पुष्कळ उरली आहेत. दिवसभराचं मी लिहिलं. गवारीच्या जागी आज मका होता, पोस्टमन आला नाही, कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला ती उठली.

मध्यरात्रीनंतरची पाळी यांची होती. पहाटे उठून मी पान पाहिलं. यांचं बँकेतलं सरळ, सुटं अक्षर. २.२०, पावसाची सर, जाग आली, पुन्हा निजली. आणि त्याखाली: ३.०५, झोपलेली दिसते.